गाडी बघण्याआधी मीटर बघा: वाडी-वस्तीवर इलेक्ट्रिक गाडी घेताना

मी वायरमन आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर घरगुती फिटिंग, मोटरीचे पॅनल आणि अलीकडे इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जिंग पॉइंट बसवण्याचं काम करतो. घरी बायकोची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, आणि कामाचं सामान भरून फिरायला माझी छोटी इलेक्ट्रिक कार. त्यामुळे लोक विचारतात, "खेडेगावात चालंल का ही गाडी?" आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "एका चार्जिंगला किती पळते?"

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याचं उत्तर कोणताही सेल्समन देतो. पहिल्याचं उत्तर तुमच्या घरापाशी असतं. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) खांब, खांबापासून मीटर, मीटरपासून गाडी उभी करायची जागा, हा शे-दोनशे मीटरचा टप्पा ठीक असेल तर माणसारख्या तालुक्यातही इलेक्ट्रिक गाडी आरामात चालते. तो टप्पा कच्चा असेल तर पन्नास लाखांची गाडीही दारात उभी राहील. म्हणून बुकिंगची रक्कम भरायच्या आधी एक संध्याकाळ या कामासाठी काढा.

आधी विजेचं बिल, मग मल्टिमीटर

बिल हातात घ्या आणि त्यावरचा मंजूर भार वाचा. गावाकडच्या जुन्या घरांचा भार अर्धा किंवा एक किलोवॉटच असतो, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा चार बल्ब आणि एक पंखा होता. स्कूटरचा चार्जर साधारण ७०० ते १००० वॉट ओढतो. टाटा टियागो ईव्ही किंवा एमजी कॉमेटसारख्या छोट्या कारला घरच्या चार्जिंगला ३.३ किलोवॉट लागतात, म्हणजे १४-१५ अँपिअर, आणि तेही सलग सहा ते आठ तास. मिक्सर दोन मिनिटं चालतो, पाण्याची मोटर अर्धा तास. पंधरा अँपिअर रात्रभर ओढणारी दुसरी कुठलीही वस्तू आपल्या घरात नसते, आणि वायरिंगची खरी परीक्षा तिथे होते. कार घ्यायची असेल तर भार वाढवून घ्या. महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. घरच्या गाडीसाठी वेगळं मीटर घ्यायची सक्ती नाही. घरगुती मीटरवर, घरगुती दरानं चार्ज करता येतं.

आता व्होल्टेज. ते मल्टिमीटर या छोट्या यंत्रानं मोजतात. कागदावर २३० असतं. प्रत्यक्षात रब्बीच्या हंगामात, आजूबाजूच्या विहिरींवर मोटरी चालू असताना, लाईनच्या टोकाच्या वस्तीवर मी १७०-१८० मोजलेलं आहे. सिंगल फेजच्या वेळात कुणी कंडेन्सर लावून थ्री फेजची मोटर ओढत असेल तर डीपीच बसते. म्हणून दुपारी, लाईन मोकळी असताना मोजून समाधान मानू नका. संध्याकाळी सात ते दहा आणि पहाटे मोटरी चालू असताना मोजा, आणि नुसतं मोजू नका, लोड टाकून मोजा. पाणी तापवायची दीड-दोन हजार वॉटची कॉइल बादलीत सोडून चालू करा आणि मीटरपाशी व्होल्टेज बघा. २२५ वरून २१५ वर आलं तर काही काळजी नाही. २१० वरून १८० वर आलं, तर पुरवठ्यात किंवा वायरीत दोष आहे आणि कार लावल्यावर तो दुप्पट दिसेल.

दोष कुठं आहे हे शोधायची सोपी पद्धत आहे. तीच कॉइल चालू ठेवून आधी मीटरपाशी मोजा, मग गाडीच्या जागेपाशी. मीटरपाशीच पडत असेल तर खांब, सर्व्हिस वायर किंवा डीपीचा प्रश्न. तिथे महावितरणकडे लेखी तक्रार द्या, तोंडी सांगून राहू देऊ नका. मीटरपाशी ठीक आणि पुढे पडत असेल तर वायर बारीक आहे. वस्त्यांवर बऱ्याचदा मीटर खांबावर असतं आणि तिथून घरापर्यंत अडीच एमएमची ॲल्युमिनिअमची वायर झाडा-झाडांवरून आणलेली असते. दीडशे मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन तीनशे मीटर वायर झाली, तिचा रोध सुमारे ३.४ ओहम. १३ अँपिअर ओढले की ४४ व्होल्ट वाटेतच संपले. मीटर वायरीच्या अलीकडे असल्यामुळे त्या उष्णतेचं बिलही तुम्हीच भरता. तीच वायर १० एमएमची टाकली की व्होल्टेजची घट ११ व्होल्टवर येते. गाडीवर लाखो रुपये घालताना वायरीत काटकसर करणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

तिसरं, अर्थिंग. गावाकडच्या बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते, किंवा ती पाण्याच्या नळाला बांधलेली असते आणि नळ आता प्लास्टिकचा झालेला असतो. पंखा-टीव्ही त्याविना चालतात, म्हणून कुणाला कळत नाही. कारच्या चार्जरची पेटी मात्र चार्जिंग सुरू करायच्या आधी अर्थ तपासते आणि नसेल तर लाल दिवा लावून थांबते. गाडी नवी, चार्जर नवा, तरी चार्ज होत नाही म्हणून कंपनीला फोन लावणाऱ्यांच्या घरी गेलं की बहुतेक वेळा अर्थच नसतो. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. आकडे जवळजवळ सारखे हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर वायरमनला दाखवा. आणि अर्थ म्हणून न्यूट्रलचाच तुकडा तिसऱ्या पिनेला जोडून देणारा कारागीर भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. पेटीचा लाल दिवा जाईल, पण न्यूट्रल तुटला त्या दिवशी गाडीच्या पत्र्यावर फेज येईल.

चार्जिंग पॉइंट कसा करून घ्यायचा

मीटरच्या मेन स्विचपासून गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र लाईन काढा. घरातल्या दुसऱ्या कशाचाही त्यावर भार नको. कारसाठी ४ एमएम तांब्याची वायर, अंतर पंचवीस-तीस मीटरच्या पुढे असेल तर ६ एमएम. स्कूटरला २.५ एमएम पुरते, पण उद्या कार येईल असं वाटत असेल तर आजच ४ टाका, भिंत पुन्हा फोडायला लागणार नाही. सुरुवातीला २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच). हा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवतो. पावसात, ओल्या अंगणात, उघड्या पायांनी प्लग लावणारी पोरं घरात असतात, त्यांच्यासाठी तो आहे. शेवटी चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट, जमिनीपासून साडेतीन-चार फूट उंचीवर, झाकण असलेल्या पेटीत.

स्वस्त सॉकेटची पितळी पट्टी रोजच्या लोडनं सैल पडते, मग ठिणगी, मग प्लॅस्टिक वितळतं. नवीन पॉइंटवर पहिल्यांदा गाडी लावली की अर्ध्या तासानं एमसीबी बंद करून प्लग काढा आणि पिनेजवळ हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर सॉकेट किंवा स्क्रू सैल आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वर्षातून एकदा सगळे स्क्रू आवळून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर कार कधीही लावू नका.

अर्थिंगसाठी भिंतीपासून पाच फूट लांब खड्डा घ्या, आठ फुटांच्या आसपास खोल, त्यात ४० एमएमचा जीआय पाइप, भोवती मीठ-कोळशाचे थर. आमच्या भागात खाली कोरडा मुरूम आणि काळा दगड, त्यात नुसता रॉड ठोकून अर्थ मिळत नाही. तिथे बाजारात मिळणारं अर्थिंगचं कंपाऊंड भरा, आणि न्हाणीच्या पाण्याचा निचरा जिथे होतो त्या बाजूला खड्डा घ्या, म्हणजे ओल राहते. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला. पाच ओहमच्या आत रीडिंग आलं की काम झालं.

यात आणखी एक वस्तू मी आग्रहानं बसवतो: कमी-जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारा प्रोटेक्टर. गावात वादळात डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटतो, तेव्हा एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर जातं आणि दुसऱ्या फेजवर शंभरावर येतं. टीव्ही, फ्रीज एका क्षणात जळतात. रात्री लाईनवर गाडीचा चार्जर असेल तर तोही त्यातच. प्रोटेक्टर १७० आणि २६५ च्या आसपास सेट करून ठेवला की लाईन आपोआप तुटते आणि स्थिर झाली की पुन्हा जोडली जाते. सगळं मिळून, अंतर फार नसेल तर, पाच ते दहा हजारांत पॉइंट उभा राहतो.

जागेबद्दल एक सक्त सूचना. कडब्याची गंज, पाचट, डिझेलचा कॅन, गॅसची टाकी यांच्याजवळ चार्जिंग नको. गोठ्याच्या वळचणीला सोय असते म्हणून बरेच जण तिथेच बोर्ड मागतात. मी बसवत नाही. डिसेंबर २०२२ नंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि गाड्या पुष्कळ सुधारल्या, पण ठिणगी बॅटरीतूनच यायला हवी असं नाही, सॉकेटमधूनही येते, आणि शेजारी कडबा असेल तर जनावरं सोडायलाही वेळ मिळत नाही. उंदरांमुळे धान्याच्या खोलीतही चार्जरची केबल लोंबती ठेवू नका.

शेतीच्या लाईटवर गाडी लावू नका

हे स्पष्टच लिहितो, कारण विचारणारे खूप आहेत. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं, मग विहिरीवरच्या पेटीतनं गाडी फुकट चार्ज होईल असा हिशेब लोक करतात. शेतीचं कनेक्शन पंपासाठी मंजूर आहे. दुसऱ्या कामाला ती वीज वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दरानं आकारणी होते. दुसरं असं की तिथला पुरवठा गाडीला मानवत नाही. मोटर सुरू-बंद होताना व्होल्टेज उड्या मारतं, पेटीत न्यूट्रल धड नसतो, अर्थ तर नसतोच. तिसरं, थ्री फेज ठरावीक तासच असते. शेतावर राहत असाल तर घरासाठी वेगळं घरगुती मीटर घ्या आणि त्यावर गाडी लावा.

सौर पंपाच्या पॅनेलबद्दलही हाच गैरसमज आहे. ती पॅनेल पंपाच्या कंट्रोलरला डीसी देतात. तिथे सॉकेट लावून गाडी चार्ज होत नाही. घरच्या इन्व्हर्टरवरही नाही. दीडशे एएचच्या बॅटरीत सगळी मिळून १.८ युनिट वीज असते, कारच्या बॅटरीत १७ ते २४ युनिट.

किती पळते, आणि घाटाची भीती

आता अंतर. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतला असतो. त्याचे सत्तर टक्के धरून चाला. माझ्या अनुभवात छोटी कार एका युनिटला सहा ते आठ किलोमीटर देते, स्कूटर पंचवीस ते तीस. म्हणजे २४ युनिटची कार दीडशेच्या पुढे आरामात, आणि तीन युनिटची स्कूटर पंच्याहत्तर-ऐंशी.

हे तुमच्या रोजच्या वाटेवर बसवा. दहिवडी ते म्हसवड पंचवीसच्या आसपास, फलटण चाळीस-पंचेचाळीस, सातारा पासष्ट-एक. गावातली बहुतेक फेरी बाजार, बँक, तहसील, दवाखाना, कॉलेज एवढीच असते. स्कूटरला ती पुरून उरते. आमच्या घरात स्कूटर आल्यापासून बायको बचत गटाच्या कामाला, माहेरी, दवाखान्यात कुणाला न विचारता जाते. पेट्रोलला पैसे मागायला लागत नाहीत ही गोष्ट बाईच्या दृष्टीनं किती मोठी आहे हे मला ती गाडी घरात आल्यावर समजलं. कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या आई-बापांनी याचा नक्की विचार करावा. साताऱ्याला कारनं जाऊन-येऊन एका चार्जिंगमध्ये होतं, पण तिथे दोन-चार ठिकाणी फिरायचं असेल तर वाटेत किंवा साताऱ्यात थोडं चार्ज करायची तयारी ठेवा.

घाटाची लोकांना भीती वाटते. हिशेब करून बघा. माणसांसकट तेराशे किलोची कार तीनशे मीटर उंच चढवायला सुमारे एक युनिट जादा लागतं, गाडीतला तोटा धरून सव्वा. म्हणजे आठ-दहा किलोमीटरची रेंज कमी झाली, एवढंच. वर्धनगडचा घाट असो की मोगराळ्याचा, चढताना आकडा भराभर उतरतो आणि जीव घाबरतो, पण उतरताना मोटर उलट वीज तयार करते आणि त्यातला बराचसा भाग परत मिळतो. एकच लक्षात ठेवा: बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती परत येणारी वीज घेऊ शकत नाही आणि मोटरनं मिळणारा ब्रेकही कमी पडतो. घाटमाथ्यावरच्या गावातनं खाली उतरणार असाल तर चार्जिंग नव्वदवर थांबवा, आणि सावकाश उतरा.

रेंज खरी खातो तो वेग, आणि समोरून येणारा वारा. आपल्या पठारावर आषाढात पश्चिमेकडून वारा सुटतो तेव्हा साताऱ्याकडे जाताना आणि परत येताना आकडा वेगळा दिसतो. ऐंशीऐवजी साठनं चाला, फरक लगेच कळतो. स्कूटरवर पुढे पेंडीचं पोतं आणि मागे माणूस असेल तर पाचवा हिस्सा कमी धरा.

शहरातला सल्ला गावात चालत नाही

शहरात सांगतात, बॅटरी वीस टक्क्यांपर्यंत उतरू द्या, मग लावा. गावात असं करू नका. रात्री डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला की सकाळी लाईनमन येईपर्यंत लाईट नाही. वादळात खांब पडला तर दोन-दोन दिवस नाही. माझा नियम असा: साठच्या खाली आली आणि लाईट आहे, की लावा. रोज ऐंशी-नव्वदपर्यंत पुरे. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा शंभर करा, म्हणजे बॅटरीतले सेल एकमेकांच्या बरोबरीला येतात आणि टक्क्यांचा आकडा खरा राहतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला तर हे जास्तच गरजेचं आहे. लिथियमच्या बॅटरीला अर्धवट चार्जिंगनं काही होत नाही.

घरातली एकमेव चारचाकी इलेक्ट्रिक असेल तर जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याएवढं चार्जिंग कुठल्याही रात्री गाडीत असलंच पाहिजे. दहिवडीहून साताऱ्याला ते पन्नास टक्क्यांच्या आसपास येतं. हे बंधन घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः रात्री बारापर्यंत गाडी फिरवणाऱ्या पोरांना.

लांबच्या प्रवासाला ॲपवर दिसणारं चार्जिंग स्टेशन चालू आहे असं समजून निघू नका. निघण्याआधी फोन करा, आणि त्याच्या अलीकडचं एक, पलीकडचं एक, असे दोन पर्याय धरा. बहुतेक कारचा फास्ट चार्जिंगचा प्लग सीसीएस-२ असतो, तोच तिथे आहे ना ते बघा. पुणे-बंगळूर महामार्गावर अडचण येत नाही. आत तालुक्यात शिरलात की पाहुण्यांच्या घरचं सॉकेट हाच आधार. तिथेही आधी अर्थ बघा, मग लावा. आणि निघताना दहा-पंधरा युनिटचे पैसे पोरांच्या हातावर ठेवून या. सोयरे मागणार नाहीत, पण बिल त्यांना येतं.

हिशेब

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: शंभर युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी चढा. गावातल्या घरात सत्तर-ऐंशी युनिट जळतात. गाडी आली की जादाचे जवळजवळ सगळे युनिट दुसऱ्या टप्प्यात पडतात. म्हणून खर्च काढताना पहिल्या टप्प्याचा दर धरू नका. दुसऱ्या टप्प्याचा दर, वहन आकार, वीज शुल्क, सगळं मिळून जो आकडा येईल तो धरा. समजा तो पंधरा रुपये आला. कारला किलोमीटरमागे दोन-अडीच रुपये, स्कूटरला पन्नास-साठ पैसे. पेट्रोल शंभरच्या वर असताना अठरा-वीसचं मायलेज देणारी कार पाच रुपयांच्या पुढे जाते, आणि स्कूटर सव्वादोनच्या आसपास. रोज चाळीस किलोमीटर स्कूटर चालली तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास वाचतात. रोज दहाच किलोमीटर चालत असेल तर गाडीच्या जादा किमतीची भरपाई व्हायला फार वर्षं लागतील. अशा माणसाला मी घाई करू नका असंच सांगतो.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर गाडी आणि सोलर एकत्र ठरवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तीन किलोवॉट दिवसाला बारा-एक युनिट देतात. घर आणि रोज चाळीस-पन्नास किलोमीटरची कार त्यात भागते. फक्त एक समजून घ्या: साधं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातही. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसं केलेलं असतं. लाईट नसताना गाडी चार्ज होईल या आशेवर ते बसवू नका.

ऊन, वळीव, बाभळ

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. उन्हातनं आल्या-आल्या गाडी चार्जिंगला लावू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. दिवसभर उभी करायची असेल तर पत्र्याच्या शेडपेक्षा कडुलिंबाची सावली बरी. वळवाचे ढग आले, विजा कडाडायला लागल्या, की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. अंगावर पाऊस पडल्यानं गाडीला काही होत नाही, पण ओढ्याला पाणी असेल तर पेट्रोल गाडी जिथे घालणार नाही तिथे हीही घालू नका. आयपी ६७ म्हणजे एक मीटर स्वच्छ, उभ्या पाण्यात अर्धा तास; गाळाच्या वाहत्या पाण्याची ती हमी नव्हे.

कारची बॅटरी पोटाखाली असते. उसाच्या ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, मधे उठलेला उंचवटा, गावच्या तोंडाचा बेढब गतिरोधक, यांवरनं भरलेली गाडी तिरकी न्या, खालून घासू देऊ नका. बाभळीच्या काट्यांना ट्यूबलेस टायर आणि डिकीत पंक्चरचं किट हेच उत्तर. आणि बोनेटखालची छोटी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी ही बसली की गाडीचं दारही धड उघडत नाही. चार-पाच वर्षांत ती बदलावी लागते, नाहीतर एखाद्या सकाळी गाडी मेल्यासारखी उभी असते आणि लोक मोठ्या बॅटरीला दोष देतात.

कुणी थांबावं

रोज दीडशे किलोमीटरच्या पुढे हिंडणाऱ्यानं. भाड्याच्या घरात राहून मीटरला हात लावता येत नाही त्यानं. ज्याच्या डीपीवर आधीच भार जास्त आहे आणि दर हंगामात ती जळते, त्यानंही. आधी डीपी बदलून घ्या, गाव मिळून अर्ज करा, मग गाडी. दूध किंवा भाजीची ठरलेली फेरी करणाऱ्यांनी मात्र थांबू नये. रोज तीच वाट, तेच अंतर, संध्याकाळी गाडी घरी: इलेक्ट्रिक तीनचाकी याच कामासाठी आहे. आपल्या भागाला हे नवीनही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी २००० च्या सुमारास 'एलेक्शा' नावाची विजेवरची रिक्षा बनवली होती, शिसं-आम्लाच्या बॅटरीवर, लिथियम कुणाला परवडायच्या आधी.

तालुक्याच्या बाजारात २५ किलोमीटरच्या वेगाच्या, पासिंग न लागणाऱ्या स्वस्त स्कूटर मिळतात. त्यांची मोटर २५० वॉटच्या आत असते. सपाट गावात म्हाताऱ्या माणसाला ठीक. दोघांना घेऊन चढ चढायची अपेक्षा ठेवू नका, आणि त्यात शिसं-आम्लाची बॅटरी असेल तर ती वर्ष-दोन वर्षांत बदलण्याचा खर्च आत्ताच किमतीत मिळवून बघा.

शोरूममध्ये गेलात की रंग आणि स्क्रीन नंतर बघा. आधी विचारा: गाडी बंद पडली तर मेकॅनिक कुठून येतो, साताऱ्याहून की पुण्याहून? चार्जर बिघडला तर बदली मिळेपर्यंत किती दिवस? बॅटरीची हमी किती, आणि किती टक्क्यांच्या खाली गेली की ती लागू होते? कारला साधारण आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर मिळतात, स्कूटरला तीन वर्षांपासून पुढे. कागदावर लिहून घ्या. मग ट्रायल मागा, पण शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावरची नको. गाडी तुमच्या वस्तीवर आणायला सांगा, रोजच्या चढावर माणसं भरून चढवा, आणि रब्बीतल्या एखाद्या संध्याकाळी, मोटरी चालू असताना, तुमच्याच सॉकेटला लावून दोन तास चार्ज होऊ द्या. त्या दोन तासांत लाल दिवा लागला नाही, एमसीबी पडला नाही, प्लग तापला नाही आणि टक्के ठरल्याप्रमाणे चढले, तर बुकिंगचे पैसे खुशाल भरा.